जरा हत्ती होता का?

काल मला हत्ती करण्यात आलं. तेही भर शहरातल्या किल्ल्यात, दिवसाढवळ्या, रीतसर तिकीट काढून आत शिरलेलो असताना.

महादरवाजापाशी एक गृहस्थ घरच्यांना किल्ला समजावून सांगत होते. हातात छत्री. आवाज असा, की बाहेरच्या चौकातले हॉर्न ऐकू येईनात. मी कडेकडेनं सटकत होतो, तेवढ्यात छत्रीचं टोक माझ्याकडे वळलं.

"अहो साहेब, जरा हत्ती होता का?"

"म्हणजे?"

"मुलांना दाखवायचंय. मीच झालो असतो, पण तुमची अंगकाठी..." वाक्य त्यांनी अर्धवट सोडलं. काय तेवढंच सौजन्य.

नाही म्हणेपर्यंत त्यांनी मला दहा पावलं मागं नेऊन उभंही केलं. "हं, या!" मी चालू लागलो. "असा येतो का हत्ती? दारू पाजलेली असते त्याला!"

मग मी धावलो. खरंच धावलो, त्याचंच जास्त वाईट वाटतंय.

वळणावर छत्री आडवी. "थांबा! बघितलंत? दरवाजा समोर नाहीच, बुरुजाआड लपवलाय. वळता वळता हत्तीचा जोर संपला. वरून जंग्यांमधून, म्हणजे तटातल्या भोकांमधून, गोळ्या. त्यातूनही पोचलाच, तर दारावरचे हे खिळे थेट कपाळात!"

धाकट्यानं पायऱ्यांवरून माझ्या डोक्यावर बाटलीतलं पाणी ओतलं.

"शाब्बास! उकळतं तेल!"

माणूस सगळं बरोबर सांगत होता हो. राग त्याचाच येतो.

आणि हत्तींचा एवढा बंदोबस्त करून उपयोग काय? ज्यांच्यासाठी खिळे हवेत ते आत बसून तटाच्या दगडावर किल्लीनं बदाम कोरत होते. त्यांना कोणी हटकलं नाही. मी ओल्या अंगानं तोफेला जरा टेकलो, तर रखवालदाराची शिट्टी! शत्रूपासून जपलेले तट शेवटी शहरंच पाडतात म्हणा. व्हिएन्नाचा तट १८५७च्या बादशाही हुकमानं उतरवला, तिथं रस्ता काढला. मुंबईचा १८६०च्या दशकात गेला. उरलं 'फोर्ट' हे नाव. हा एक कसाबसा टिकलाय, तर त्याच्या खंदकात प्लास्टिकच्या बाटल्या तरंगतायत.

चरफडत निघालो. बाहेर पडायला फक्त दिंडी, म्हणजे मोठ्या दारातलं छोटं दार, उघडी. ती मुद्दामच बुटकी ठेवतात, आत घुसणाऱ्याचं डोकं आधी पुढं यावं म्हणून. मी वाकलो, पण पाठीवरची सॅक चौकटीत अडकली. ना आत, ना बाहेर.

मागून धाकटा ओरडला, "बाबा, हत्ती अडकला!"

"बघ," बाबा म्हणाले, "हेच सांगायचं राहिलं होतं."