नवतपा, ओटा आणि उघडलेल्या बाटल्या

नवतपा लागलाय, म्हणजे मेअखेरचे ते नऊ कडक उन्हाचे दिवस. काल दुपारी चार वाजता मुलाच्या खोलीतलं छोटं थर्मामीटर आणून मी स्वयंपाकघराच्या ओट्यावर ठेवलं, गॅसपासून लांब, मिसळणाच्या डब्याशेजारी. अर्ध्या तासानं पाहिलं तर ४१. तेव्हा गॅस बंद होता. कूलर हॉलमध्ये असतो, त्याची हवा आत घेतली की गॅसची ज्योत फडफडते, म्हणून स्वयंपाकघराचं दार ओढूनच घ्यावं लागतं. नागपुरात ज्यांचं स्वयंपाकघर पश्चिमेला आहे, त्यांना हे वेगळं सांगायला नको.

हा उद्योग करायचं कारण म्हणजे आमच्या कॉलनीतल्या बायकांच्या ग्रुपवर दोन दिवस चाललेली चर्चा. केचप, लोणचं, मेयोनीज, सोया सॉस हे उघडल्यावर फ्रीजमध्ये ठेवायचं की नाही? निम्म्या जणी म्हणाल्या, आमच्याकडे वर्षानुवर्षं बाहेरच असतं, कोणाला काही झालं नाही. बाकीच्या निम्म्या मधासकट सगळं फ्रीजमध्ये कोंबतात. मला दोन्ही पटत नाही. ग्रुपवर लिहायला घेतलं तर फार लांबलं, म्हणून इथे लिहितेय.

बाटलीवर लिहिलेलं असतं, ‘थंड व कोरड्या जागी ठेवा’. मार्चच्या मध्यापासून पाऊस येईपर्यंत आपल्या घरात थंड आणि कोरडी जागा कोणती, सांगा बघू. बाहेरच्या देशातले व्हिडिओ पाहून आपण म्हणतो की सॉस रूम टेम्परेचरला चालतो. त्यांचं रूम टेम्परेचर २० ते २५ अंशांचं. आपल्याकडे रात्री दोन वाजताही ओट्यावर एवढं कमी नसतं. अमेरिकेच्या कृषी विभागाचा नाशवंत अन्नासाठी नियम आहे: बाहेर दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नका, आणि हवा ३२ अंशांच्या वर असेल तर एकच तास. त्यांच्याकडे तो दुसरा भाग सहलीसाठी आणि कडक उन्हाळ्यासाठी. आपले तीन महिने रोजच त्या दुसऱ्या भागात जातात.

केचप काही लगेच नासणारा पदार्थ नाही. टोमॅटो आणि व्हिनेगरमुळे तो चांगला आंबट असतो, साखर-मीठही भरपूर. त्यामुळे जीवघेणे जंतू त्यात सहसा वाढत नाहीत. पण यीस्ट आणि बुरशीला आंबटाचं वावडं नसतं. मागच्या मे महिन्यात आमच्या जेवणाच्या टेबलावर निम्मी संपलेली बाटली होती. प्रिझर्व्हेटिव्ह नसलेला केचप म्हणून मीच मुद्दाम आणलेला. एका संध्याकाळी झाकण फिरवलं तर फुस्स आवाज झाला, वर फेस आला आणि आंबूस वास सुटला, ताडीसारखा. बाटली सरळ फेकली. त्यात सोडियम बेंझोएट हे प्रिझर्व्हेटिव्ह असतं तर कदाचित टिकला असता, कारण ते आंबट पदार्थात चांगलं काम करतं. पण आपल्याला बिनाप्रिझर्व्हेटिव्हचं हवं असेल तर त्याची किंमत फ्रीजमधल्या जागेनं मोजावी लागते. आता माझ्याकडे गुढीपाडव्यापासून पाऊस जमेपर्यंत केचप फ्रीजमध्येच. डिसेंबर-जानेवारीत टेबलावर राहिला तर मी अडवत नाही.

आता लोणचं. यावर माझं आणि सासूबाईंचं खरं भांडण झालंय, आणि त्यात त्या बरोबर होत्या. लग्नानंतर पहिल्याच वर्षी मी त्यांची कैरीच्या लोणच्याची बरणी डब्यात रिकामी करून फ्रीजमध्ये ठेवली. त्या काटोलहून आल्या, फ्रीज उघडला आणि म्हणाल्या, “कायले वं फ्रीजात ठेवलं? मीठ-तेल काय उगाच टाकलं का म्या?” तेल घट्ट होऊन फोडींवर पांढरट थर बसला होता. डबा रोज आत-बाहेर होत असल्यानं झाकणाच्या आतून पाण्याचे थेंब सुटले होते, आणि बुरशी बाहेर ठेवून नव्हे तर त्या थेंबांमुळेच आली असती.

त्यांचं लोणचं घालणं मी नंतर अठरा वर्षं पाहिलं. कैऱ्या बुधवार बाजारातून, अडकित्त्यावर समोर फोडून घ्यायच्या, कोय पक्की झालेलीच कैरी. फोडी पुसून, मीठ-हळद लावून रात्रभर ठेवायच्या, सुटलेलं पाणी निथळायचं. मोहरीची डाळ, मेथी, हिंग, तिखट. बरणी गरम पाण्यानं धुऊन दिवसभर उन्हात. मग त्यांचं खास काम: निखाऱ्यावर हिंगाचा खडा टाकायचा आणि बरणी त्यावर पालथी धरायची. चिनी मातीच्या तोंडातून धूर आत शिरतो, दोन मिनिटांनी बरणी सरळ केली की आतली हवा डोळ्यांत झोंबते. फोडी भरल्यावर गार केलेलं तेल फोडींच्या वर बोटभर आलं पाहिजे. वर दादरा बांधायचा. रोजच्यासाठी लागेल तेवढं छोट्या सटात काढायचं, मोठ्या बरणीत रोज हात नाही. ओला चमचा तर अजिबात नाही.

यातली एकही गोष्ट नुसती रीत नाही. मीठ फोडींतलं पाणी ओढून घेतं, जंतूंना वाढायला पाणीच उरत नाही. कैरीचा आंबटपणा वेगळा: पीएच (आंबटपणाचं माप, जितका कमी तितका पदार्थ आंबट) ४.६ च्या खाली असला की बोटुलिझमचे, म्हणजे जीवघेण्या अन्नविषबाधेचे, जंतू वाढत नाहीत. मोहरीचा झणका स्वतःच जंतूंना रोखतो. तेल हवा अडवतं, म्हणून वर बुरशी धरत नाही. इतके पहारेकरी असताना फ्रीज हवा कशाला? असं लोणचं ४५ अंशांत वर्षभर राहतं, मुरतं आणि जास्त चांगलं लागतं.

पण चार वर्षांपूर्वी सासूबाईंना बीपी निघालं. डॉक्टरांनी मीठ कमी करायला सांगितलं, आणि मी हौसेनं कमी मिठाचं, कमी तेलाचं लोणचं घातलं. मीठ निम्मं, तेल नावाला. बरणी त्याच जागी ठेवली, माळ्याखालच्या फळीवर. जुलैत आठव्या दिवशी दादरा सोडला तर वर राखाडी लव. मला रडूच आलं. वरची बुरशी काढून खालचं ठेवावं असं क्षणभर वाटलं, पण अशा ओल्या पदार्थात बुरशीचे तंतू आत गेलेले असतात, ते डोळ्यांना दिसत नाहीत. सगळं टाकलं.

तेव्हा मला जे कळलं ते आज लिहावंसं वाटतं. लोणचं बाहेर टिकतं ते ‘लोणचं’ म्हणून टिकत नाही, मिठानं, तेलानं, आंबटानं टिकतं. यातलं जेवढं कमी कराल तेवढं काम फ्रीजला द्यावं लागेल. बाजारात आता कमी तेलाची, कमी मिठाची लोणची मिळतात. त्यांच्यावर ‘उघडल्यानंतर फ्रीजमध्ये ठेवा’ असं बारीक अक्षरात असतं. ते वाचा, चष्मा लावून वाचा. आजीची बरणी बाहेर टिकायची म्हणून ही बाटली बाहेर टिकेल असं समजू नका. जॅमचंही तेच. पूर्वीच्या जॅममध्ये निम्म्याहून जास्त साखर असायची, म्हणून तो कपाटात राहायचा. कमी साखरेचा जॅम फ्रीजमध्येच हवा. गुळांबा-साखरांब्याचा पाक नीट झाला असेल तर त्याला फ्रीज नको. मधाला तर नकोच, थंडीत त्याचे खडे होतात.

सगळ्यात जास्त काळजी मला ठेच्याची वाटते, कारण त्याबद्दल कोणी बोलत नाही. हिरवी मिरची, ओला लसूण, मीठ आणि वर तेल. लिंबू पिळलं नाही तर त्यात आंबट काहीच नाही. लसूण मातीतून येतो, त्यासोबत बोटुलिझमच्या जंतूंचे बीजाणू येऊ शकतात. तेलाखाली हवा नसते, आणि या जंतूंना नेमकं तेच हवं असतं. १९८५ साली कॅनडातल्या व्हँकुव्हरमध्ये एका रेस्टॉरंटमधल्या, फ्रीजबाहेर ठेवलेल्या तेलातल्या लसणामुळे ३६ जण आजारी पडले होते. हे विष झालं तर वास येईलच असं नाही, चव बदलेलच असं नाही. आपण ‘वास घेऊन बघ’ म्हणतो, ते इथे उपयोगाचं नाही. ठेचा खाऊ नका असं मी म्हणणार नाही, माझं स्वतःचं जेवण त्याशिवाय होत नाही. रोज ताजा करा, थोडाच करा, उरला तर फ्रीजमध्ये आणि दोन-तीन दिवसांत संपवा. मिक्सरमधून काढून तेल घालून ठेवलेल्या आलं-लसूण पेस्टलाही हेच लागू. जवसाची, शेंगदाण्याची कोरडी चटणी बाहेर चालते, पण जवसाचं तेल उष्णतेनं लवकर खवट होतं. आणि दाण्याला बुरशीचा वास आला तर चटणी खाऊ नका, त्या बुरशीचं विष भाजल्यानंही पुरतं जात नाही.

मेयोनीजबद्दल मी शांतपणे लिहू शकत नाही. दोन वर्षांपूर्वी माझ्या भाच्यानं व्हिडिओ पाहून घरी कच्च्या अंड्याचं मेयोनीज केलं. वाटी दुपारभर ओट्यावर होती, संध्याकाळी मुलांनी सँडविच खाल्ली. दुसऱ्या दिवशी दोन पोरं तापानं फणफणली, जुलाब थांबेनात. धाकट्याला सलाईन लावावं लागलं, सात वर्षांचं पोर ते. डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला: कच्चं अंडं खाल्लं होतं का? तेलंगणानं ऑक्टोबर २०२४ मध्ये आणि तमिळनाडूनं एप्रिल २०२५ मध्ये कच्च्या अंड्याच्या मेयोनीजवर वर्षभराची बंदी घातली, ती उगाच नाही. बाटलीतलं बिनाअंड्याचं मेयोनीज आंबट असतं, तेवढं धोक्याचं नसतं. पण उघडल्यावर तेही फ्रीजमध्येच, आणि कोबी-पनीरमध्ये कालवलं की ते ताजं अन्न झालं, तासाभरात खाऊन टाका.

सोया सॉस, व्हिनेगर याबद्दल फार बोलायला नको. सोया सॉस खारट असल्यानं खराब होत नाही, फक्त उन्हाळ्यात चव उतरते. जागा असेल तर आत ठेवा.

फ्रीजबद्दल मात्र एक सांगते. दाराचे कप्पे सगळ्यात गरम असतात. मेयोनीज आणि पेस्ट आतल्या फळीवर ठेवा, केचप दारात चालेल. लाइट गेली की दार उघडून बघत बसू नका. बंद राहिलं तर चारेक तास थंडी टिकते. मी आता उघडलेल्या प्रत्येक बाटलीवर मार्करनं तारीख टाकते.

आमच्या चौकात संध्याकाळी मोमोची गाडी लागते. प्लास्टिकच्या लाल बाटलीत केचप, पांढरीत मेयोनीज, दोन्ही उन्हात. रिकामी झाली की न धुताच वरून भरतात, म्हणजे तळाचं कधीचं आहे ते गाडीवाल्यालाही माहीत नसतं. मी गेल्या महिन्यात त्या भाऊंशी बोलले. ओरडले नाही, माझ्या भाच्याकडच्या पोराचं सांगितलं. ते ऐकून घेत होते, त्यांना दोन लेकरं आहेत. परवा पाहिलं तर मेयोनीज थर्माकोलच्या डब्यात बर्फावर होतं. मला फार बरं वाटलं. केचपची लाल बाटली अजून तशीच, तोंडाशी काळी खपली धरलेली. उद्या पुन्हा सांगणार आहे, आणि दोन नव्या बाटल्या इतवारीतून आणल्यात, त्याही देणार आहे.