दुसरी पोळी मागितली म्हणून
गौरी जेवणाला यंदाही तेच झालं. भावाच्या पानात तिसरी पुरणपोळी, वर तुपाची धार, "घे रे, लाजतोस काय", आणि मी दुसरी मागितली तर मावशी हात आखडता घेत सगळ्यांसमोर म्हणते "पुरे गं, स्थळं बघतोय ना तुझ्यासाठी". भावाचं पोट शर्टाच्या बटणांना ताण देतंय ते कुणालाच दिसत नाही, पुरुषाचं म्हणजे खात्यापित्या घरचं! आणि आई सगळ्यात शेवटी, गार पोळी नि तळाची कटाची आमटी. २०१९-२१ च्या सरकारी सर्व्हेत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायकांना अ‍ॅनिमिया निघाला, पुरुषांत २५. आईचं हिमोग्लोबिन ९ आहे, तरी उद्या परत तीच शेवटी बसणार आणि मी बोलले की मी उद्धट.