गुरुजींच्या प्रतिक्रियेला उत्तर : मावशीचे दोन एकर आणि मामाची वही

गुरुजी, नमस्कार.

आजोबांच्या मृत्युपत्रातला मावशीचा वाटा मामाने अडवून धरला, त्यावर मी लिहिलेल्या लेखाखाली तुम्ही रात्री साडेबाराला एवढी मोठी प्रतिक्रिया लिहिलीत, म्हणजे लेख कुठेतरी लागला असणार. तुमचं म्हणणं थोडक्यात असं : घरातलं भांडण मी चावडीवर आणलं. मृत्युपत्राचा कारभार बघणाऱ्याला सरसकट चोर ठरवलं. बँकेत नॉमिनी मामाच होता, तर त्याने पैसे उचलले यात गुन्हा कसला? आणि मराठवाड्यात बहीण-भावाचे प्रश्न चार माणसांत बसून सुटतात, नोटिसांनी नाही. अगदी शेवटी तुम्ही लिहिलंत की तुम्ही स्वतः थोरल्या भावाच्या मृत्युपत्राचे व्यवस्थापक आहात, भाऊ जाऊन सात महिने झालेत, आणि माझा लेख वाचून पुतणीने पहिल्यांदाच फोन करून हिशोब मागितला.

हे शेवटचं आधी लिहिलं असतंत तर बाकीचं लिहायची गरजच पडली नसती!

आधी माझी चूक. ‘तीन महिन्यांत वाटा हातात पडला नाही तर समजा, पाणी मुरतंय’ असं मी लिहिलं होतं. ते चुकलं. १९२५ च्या भारतीय उत्तराधिकार कायद्याने व्यवस्थापकाला मृत्यूच्या तारखेपासून एक वर्ष दिलंय. त्याआधी वाटा द्यायची सक्ती त्याच्यावर नाही. अंत्यविधीचा आणि शेवटच्या आजारपणाचा खर्च, मग सोसायटीचं कर्ज, उसनवारी, आणि हे सगळं फिटून उरेल ते वाटायचं. तुम्ही मुदतीत आहात. ते वाक्य मी काढून टाकलंय.

पण पुतणीने वाटा कुठे मागितलाय? तिने हिशोब मागितलाय. भावाचं काय काय होतं आणि आज ते कुठे आहे, हे सांगायला वर्ष कशाला लागतं?

आता आमच्या घरचं. लेखात मी ते आवरतं घेतलं होतं. आजोबांनी स्वतः खरेदी केलेल्या जमिनीतले दोन एकर आणि सहा लाखांची ठेव विधवा मावशीला लिहून ठेवली होती, तीही नोंदणीकृत मृत्युपत्राने. व्यवस्थापक नेमला थोरल्या मामाला. त्याच्यावर सगळ्यांचा विश्वास होता, माझाही. माझ्या बारावीची फी त्यानेच भरली होती. पहिल्या दिवाळीला मावशीने विषय काढला तर म्हणाला, “तुझेच हायत की गं, कुठं पळून चाललेत?” दुसऱ्या दिवाळीला तेच. तोवर ठेव त्याच्या पोराच्या दुकानात गेली होती आणि त्या दोन एकरातलं सोयाबीन मामाच्या नावाने आडतीला लागत होतं. मृत्युपत्र मागितलं तर “सापडंना” म्हणाला. चोळी-बांगडी मात्र एकदाही चुकली नाही.

आणि चार माणसांचं म्हणता, तर आमच्याकडे बैठक तीनदा बसली, गुरुजी. तिसऱ्या बैठकीत एका जाणत्याने तोडगा काढला, “ताई, तू हक्कसोड करून दे, भाऊ काय तुला अंतर देणार हाय का?” बाकीच्यांनी माना डोलावल्या. त्यांना मी वाईट म्हणत नाही. त्यांच्यापुढे कागदच नव्हता, होती ती फक्त मामाची पुण्याई.

म्हणून आम्ही आधी कागद गोळा केला. मृत्युपत्र नोंदणीकृत असेल तर ते करणारा गेल्यावर कोणालाही दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात अर्ज करून त्याची प्रमाणित प्रत मिळते. मामाला न सापडलेलं मृत्युपत्र आम्हाला तिथे सापडलं. हिंदू माणसाच्या मृत्युपत्राला आपल्या जिल्ह्यांत प्रोबेटची, म्हणजे मृत्युपत्र खरं असल्याच्या कोर्टाच्या दाखल्याची, सक्ती नाही, त्यामुळे “आधी प्रोबेट आणा, मग बोलू” हे निव्वळ टोलवणं असतं.

राहिली चावडी. फेरफाराच्या नोटिसा ज्या संकेतस्थळावर लागतात त्याला सरकारनेच ‘आपली चावडी’ नाव दिलंय. तिथेच आम्हाला दिसलं की आजोबांच्या जमिनीला वारस म्हणून एकट्या मामाची नोंद धरली आहे. ना मृत्युपत्राचा उल्लेख, ना दोघी बहिणींची नावं. नोटिशीच्या १५ दिवसांत तलाठ्याकडे लेखी हरकत दिली, पोच घेतली, आणि प्रकरण मंडळ अधिकाऱ्यापुढे गेलं. सातबाऱ्यावर नाव लागल्याने मालकी मिळत नाही हे खरंय, पण त्याच नावावर कर्ज उचललं जातं आणि खरेदीखतही होतं. मग निस्तरायला वर्षं जातात.

नॉमिनीच्या मुद्द्यावर मात्र मी तसूभर मागे हटणार नाही. बँकेने पैसे कोणाच्या हातात द्यायचे, एवढंच नॉमिनीने ठरतं. तो मालक होत नाही. बँक ठेवींबद्दल सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये हे स्पष्ट सांगितलंय, आणि शेअर्सबद्दल डिसेंबर २०२३ मध्ये.

पोलीस ठाण्यातही आम्ही गेलो होतो. विश्वासघाताचं कलम आहे, भारतीय न्याय संहितेत ३१६. तिथे “दिवाणी मामला आहे” म्हणून परत पाठवलं. मला राग आला, पण मावशीला हायसं वाटलं. भावाला बेड्या तिला नकोच होत्या.

मग जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात गेलो. १९८७ च्या कायद्याने बाईमाणसाला तिथे फुकट वकील मिळतो, उत्पन्न कितीही असो. तिथल्या वकीलबाईंनी एका पानाची नोटीस लिहून दिली. मालमत्तेची यादी द्या, आल्या-गेल्याचा हिशोब द्या, पासबुकाची झेरॉक्स द्या, मुदत १५ दिवस. न दिल्यास दिवाणी न्यायालयात हिशोबाचा दावा, जमीन विकू नये म्हणून मनाई हुकूम, आणि व्यवस्थापकाला दूर करायला उच्च न्यायालयाच्या संभाजीनगर खंडपीठात अर्ज. शिवाय त्याच्या वागण्यामुळे जे नुकसान झालं ते त्याने स्वतःच्या खिशातून भरायचं, हे त्याच १९२५ च्या कायद्यात आहे.

नवव्या दिवशी मामा वही घेऊन आला. लाल कापडाची, नवीकोरी. तीन वर्षांचा हिशोब एकाच शाईत लिहिलेला! त्यावर काय बोलायचं. पण लिहिलेला होता, म्हणून एकेका रकमेवर बोट ठेवता आलं. चार लाख चेकने आले, उरलेल्या दोन लाखांचे हप्ते चालू आहेत. दोन एकर मृत्युपत्राप्रमाणे मावशीच्या नावे लागले. सोयाबीनचे निम्मे पैसे तिने सोडून दिले. मला ते पटलं नाही, पण पैसे तिचे होते. आजीच्या पाटल्यांचा पत्ता अजून नाही. दावा मात्र लावावा लागला नाही. लावायचा झाला तर मृत्युपत्रातला वाटा व्यवस्थापकाकडून मागायला १२ वर्षांची मुदत असते, पण तेवढं थांबलो असतो तर त्या दुकानाची पाटीही दिसली नसती.

मामा मावशीशी बोलतो, माझ्याशी नाही. तेव्हा घर फोडल्याचा तुमचा आरोप माझ्यापुरता खरा आहे.

आता तुमच्या पुतणीचं. तिला फोनवर काही सांगू नका. भावाचे पैसे तुमच्या पेन्शनच्या खात्यात येत असतील तर या आठवड्यात वेगळं खातं काढा. एका कागदावर काय होतं, काय फेडलं, काय उरलं ते लिहा, त्यावर तिची सही घ्या आणि एक प्रत तिला द्या. यंदाची तूर विकली असेल तर आडतीची पट्टीही सोबत जोडा.