‘इंजेक्शनशिवाय शक्यच नाही’ म्हणणाऱ्या प्रतिक्रियेला उत्तर

फास्ट फूडसाठी वाढवल्या जाणाऱ्या कोंबड्यांविषयीच्या समज-गैरसमजांवर मी गेल्या आठवड्यात लिहिलेल्या लेखाखाली ‘जागरूक नाशिककर’ या नावाने एक प्रतिक्रिया आली आहे. तिचा गोषवारा असा : लेखक पोल्ट्री कंपन्यांची वकिली करतो, 40 दिवसांत दोन किलोची कोंबडी वाढीच्या संप्रेरकाच्या (हार्मोनच्या) इंजेक्शनशिवाय तयार होणे शक्यच नाही, हे शेंबड्या पोरालाही कळते, प्रतिजैविकांचा (अँटिबायोटिक्सचा) विषय दोन ओळींत गुंडाळला आहे, त्या पक्ष्यांना धड उभे राहता येत नाही, याबद्दल लेखात चकार शब्द नाही, करारावर कोंबड्या वाढवणारा शेतकरी नागवला जातो, आणि लेखावरचे छायाचित्र दिशाभूल करणारे आहे. शेवटी ‘गंगापूर रोडवर बसून आम्हाला शेती शिकवू नका’ असा सल्लाही आहे.

छायाचित्राचा आक्षेप रास्त आहे. अंगणात दाणे टिपणाऱ्या गावरान कोंबड्यांचे चित्र ब्रॉयलरवरच्या लेखाला शोभत नाही. ते काढून शेडमधले, तुसावर बसलेल्या पांढऱ्या पक्ष्यांचे चित्र लावले आहे.

‘वकिली’चे मात्र असे सोडून देता येत नाही. टीकेचे मला वावडे नाही, पण टोपणनावाच्या आडून दुसऱ्याच्या हेतूवर शिंतोडे उडवायचे आणि वर स्वतःला जागरूक म्हणवून घ्यायचे, ही कुठली रीत? मी नाशिक शहरात, गंगापूर रोडला राहतो हे खरे. वाढलो मात्र सिन्नर तालुक्यात, घरामागच्या शेडच्या वासात. वडील एका कंपनीच्या करारावर पक्षी वाढवत असत. पिल्ले, खाद्य आणि औषधे कंपनीची. शेड, वीज, पाणी आणि राबणे आमचे. नव्या बॅचच्या पहिल्या आठवड्यात ब्रूडरची, म्हणजे पिल्लांना ऊब देणाऱ्या साधनाची, ऊब कमी पडली, की पिल्ले एकमेकांवर चढतात आणि खालची गुदमरून मरतात, म्हणून मध्यरात्री उठून त्यांना हाताने पांगवण्याचे काम माझ्याकडे असे. एप्रिलमध्ये पत्रा तापला, की त्यावर उसाचे पाचट पसरून पाणी मारावे लागे. शेडच्या दाराशी तक्ता टांगलेला असे आणि त्यावर रोजची मर, खाद्य, वजन आणि दिलेले औषध लिहावे लागे. सुपरवायझर आला की आधी तो तक्ता पाहत असे, मग पक्षी. तेव्हा शेती कोणी कोणाला शिकवायची, हे आपणच ठरवावे.

आता त्या इंजेक्शनकडे वळू. पाच हजार पक्ष्यांच्या शेडमध्ये बहुधा घरचीच दोन-तीन माणसे काम करतात. त्यांनी प्रत्येक पक्षी धरून टोचायचा म्हटले, तर टोचणे पुढेच राहिले. नुसत्या धावपळीने पक्षी कोपऱ्यात एकावर एक चढून दगावतील. वाढीचे संप्रेरक हे प्रथिन आहे, त्यामुळे ते खाद्यातून दिले तर पोटात पचून जाते. टोचायचे तर पुन्हा पुन्हा टोचावे लागेल आणि त्याचा खर्च कोंबडीच्या भावात कधीच निघणार नाही. शेडवर गेलेल्यांना जे दिसते ते लसीकरण असते. राणीखेत या कोंबड्यांच्या रोगाची लस पहिल्या आठवड्यात डोळ्यात थेंब टाकून देतात, गंबोरो या दुसऱ्या रोगाची पाण्यातून देतात, आणि काही ठिकाणी मानेच्या कातडीखाली लस टोचलीही जाते. ती सुई पाहूनच कोणीतरी ही कथा रचली असावी, असा माझा तर्क आहे.

मग वजन येते कुठून? निवडीतून. अमेरिकेत 1948 साली अधिक मांसल कोंबडी घडवण्याची राष्ट्रीय स्पर्धाच झाली होती आणि त्यानंतर पिढ्यान्‌पिढ्या झपाट्याने वाढणारे पक्षीच पैदाशीसाठी निवडले गेले. कॅनडातील अल्बर्टा विद्यापीठाच्या संशोधकांनी 1957, 1978 आणि 2005 सालचे वाण एकाच प्रकारच्या खाद्यावर शेजारी शेजारी वाढवले. 56 दिवसांनी त्यांची सरासरी वजने अनुक्रमे 905, 1808 आणि 4202 ग्रॅम भरली. हे निष्कर्ष 2014 साली प्रसिद्ध झाले. खाद्य तेच, दिवस तेवढेच, फरक फक्त वाणाचा. बी बदलल्यावर एकरी उतारा वाढतो हे ज्या जिल्ह्यात कोणाला समजावून सांगावे लागत नाही, तिथे कोंबडीच्या बाबतीत मात्र सुईच लागते, हे मोठे नवल आहे.

‘शेंबड्या पोरालाही कळते’ हा पुरावा नव्हे, आणि अशा वाक्यांची किंमत कोण मोजतो हेही आपल्याला ठाऊक असायला हवे. कोंबडीतून कोरोना होतो, हेही 2020 च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये सगळ्यांनाच ‘कळले’ होते. तेव्हा भाव असे कोसळले, की पोल्ट्रीवाल्यांनी पक्षी फुकट वाटले आणि पिल्ले खड्ड्यात पुरली. केएफसीच्या कोंबड्यांना आठ पाय असतात ही चीनमधली अफवा तर इतकी पसरली, की 2015 साली कंपनीला न्यायालयात जावे लागले. आपण आठ पायांपर्यंत गेला नाहीत, याबद्दल आभार.

उरलेल्या मुद्द्यांविषयी थोडक्यात. प्रतिजैविकांवर मी दोनच ओळी लिहिल्या हे खरे, पण त्या महत्त्वाच्या होत्या : दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंटने 2014 साली तपासलेल्या 70 नमुन्यांपैकी 40 टक्क्यांमध्ये प्रतिजैविकांचे अंश आढळले, आणि 2019 साली केंद्र सरकारने जनावरांसाठी कोलिस्टिन या प्रतिजैविकावर बंदी घातली. हा विषय स्वतंत्र लेखाचा आहे, तो कधीतरी लिहीन. पायांच्या दुबळेपणाबद्दल म्हणाल, तर वजन हाडांच्या पुढे धावते म्हणूनच तो येतो, अर्थात तोही निवडीचाच परिणाम आहे. म्हणजे आपला हा आक्षेप माझ्याच म्हणण्याला बळ देतो. कराराच्या अटी हा माझ्या लेखाचा विषयच नव्हता, आणि वडिलांनी करार का सोडला हा आमच्या घरचा प्रश्न आहे.

आपली प्रतिक्रिया मी काढलेली नाही, काढणारही नाही. इंजेक्शन प्रत्यक्ष पाहिले असेल, तर कोणत्या तालुक्यात, बॅचच्या कितव्या दिवशी आणि बाटलीवर काय लिहिले होते, एवढे कळवा. पाहिले नसेल, तर सिन्नरकडच्या एका ओळखीच्या शेडवर मी आपल्याला घेऊन जाईन. पक्षी आत असताना रोगाच्या भीतीने परक्याला आत सोडत नाहीत, म्हणून खिडकीच्या जाळीबाहेरूनच पाहावे लागेल. येताना स्वतःचे खरे नाव मात्र सांगावे लागेल, कारण तिथल्या नोंदवहीत टोपणनाव चालत नाही.