बर्लिनचं अस्वल नंतर आलं, आधी होती दलदल

'शहरांच्या नावांमागच्या रंजक गोष्टी' असा एक मेसेज सध्या ग्रुपाग्रुपांवर फिरतोय. त्यात बर्लिनबद्दल लिहिलंय ते थोडक्यात असं: जर्मनमध्ये अस्वलाला 'बेअर' म्हणतात आणि छोट्या अस्वलाला 'बेअरलाइन', त्यावरून बर्लिन. आल्ब्रेख्ट 'अस्वल' नावाच्या सरदाराने ते वसवलं. शहराच्या ध्वजावर अस्वल आहे, हाच पुरावा. चिनी लोक या शहराला 'सायप्रस वृक्षांचं वन' म्हणतात, कारण तिथे पूर्वी तसं वन होतं. आणि अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष केनेडी तिथे जाऊन 'मी डोनट आहे' असं बोलून बसले.

वाचायला छान आहे, पण खरं नाही. शिवाय या गोष्टीत ज्या लोकांनी हे नाव दिलं, तेच गायब झालेत. मला खटकतं ते हे.

आधी 'बेअरलाइन'. 'लाइन' हा लहानपणा दाखवणारा प्रत्यय दक्षिणेकडच्या जर्मनचा. बर्लिनच्या परिसरात मध्ययुगात निम्न जर्मन, म्हणजे उत्तरेकडची जर्मन, बोलली जायची आणि तिथे त्या जागी 'केन' लागायचं. म्हणजे त्या गावच्या माणसाने पिल्लाला 'बेअरलाइन' म्हटलंच नसतं. त्याहून बोलका पुरावा कानाने ऐकता येतो. अस्सल जर्मन शब्दात जोर सहसा पहिल्या अक्षरावर पडतो. जर्मन माणूस 'बर्लिन' म्हणतो तेव्हा जोर 'लिन'वर असतो. श्वेरिन, श्टेटिन, टेंप्लिन, सगळीकडे तसंच. हा 'इन' स्लाव भाषांमधला, म्हणजे रशियन-पोलिशच्या कुळातला, गावांच्या नावांचा प्रत्यय आहे. बर्लिनमधलेच पांको, रुडो, क्लाडो, ट्रेप्टो हे भाग घ्या, त्यांच्या शेवटचा 'ओ'ही स्लावच.

आपल्याकडे मुंबईचं नाव पोर्तुगीज 'बॉम बाइया'वरून, म्हणजे 'चांगला उपसागर', असं अजून सांगतात. पोर्तुगीजमध्ये 'बाइया' स्त्रीलिंगी, तेव्हा 'बॉम' नव्हे, 'बोआ' हवं. ऐकायला जुळलं की व्याकरण कोणी तपासत नाही, तोच प्रकार इथे झालाय.

मग 'बर्ल' म्हणजे काय? अभ्यासकांनी सर्वाधिक स्वीकारलेला अर्थ दलदल, पाणथळ जागा. जुन्या कागदांत हे नाव कधी कधी उपपदासह येतं, जणू 'त्या बर्लिनपाशी'. म्हणजे ते आधी जागेचं वर्णन असावं. हाले शहरात आजही 'थोरला बर्लिन' आणि 'धाकटा बर्लिन' नावाच्या जागा आहेत. तिथे ना राजधानी, ना अस्वल.

आणि दलदल अजून तिथेच आहे. हिमयुगात वितळलेल्या पाण्याने कोरलेल्या रुंद खोऱ्यात हे शहर बसलंय. मध्य बर्लिनमध्ये पाया खणायला घेतला की दोन-तीन मीटरवर पाणी लागतं. ते उपसून कालव्यात किंवा श्प्रे नदीत सोडायला रस्त्यांवरून जाड नळ टाकतात, गुलाबी आणि निळे. फुटपाथपासून वर चढतात, चौक ओलांडतात, काटकोनात वळून पुन्हा खाली उतरतात. नवख्याला ती एखादी कलाकृती वाटते. मला तर शहराच्या नावाचा अर्थच डोक्यावरून वाहताना दिसतो.

आल्ब्रेख्ट खरा होता आणि त्याला 'अस्वल' म्हणतही. त्याने ब्रांडेनबुर्ग घेतलं ११५७ मध्ये, वारला ११७० मध्ये. श्प्रेच्या एका काठावरच्या क्योल्न या जुळ्या गावाची पहिली नोंद १२३७ ची, समोरच्या बर्लिनची १२४४ ची. वस्ती कागदाहून जुनी असणारच, पण ती आल्ब्रेख्टने वसवल्याचा काहीही पुरावा नाही. तो आला तेव्हा या भागात स्लाव टोळ्या राहत होत्या, हेवेल्ली आणि श्प्रेवाने. जिंकणाऱ्याचं नाव लक्षात राहिलं, राहणाऱ्यांचं पुसलं गेलं.

राहिला ध्वज. बर्लिनच्या सर्वांत जुन्या, १२५३ च्या मुद्रेवर गरुड आहे. अस्वलं येतात १२८० च्या मुद्रेवर, दोन, आणि तीही गरुडाच्या दोन बाजूंना. नाव आधीच होतं, त्याच्या पहिल्या अक्षराशी 'बेअर' जुळला म्हणून चित्र आलं. अशी शब्दखेळाची चिन्हं युरोपात शेकड्यांनी आहेत. मूळ नाव ठेवणाऱ्यांच्या भाषेत तर अस्वलाला 'मेद्वेद'सारखा शब्द होता, 'मध खाणारा'. आपल्याला तो परका वाटू नये: मधु आणि 'अद्' म्हणजे खाणे, यांचंच ते भावंड.

चिनी 'बो-लिन'बद्दल एवढंच पुरे: दोन्ही अक्षरं उच्चारासाठी घेतलीत. त्यांचा सुटा अर्थ सायप्रस आणि वन होतो, त्याचा शहराशी संबंध नाही. नावाला दुसऱ्या भाषेत खरोखर नवा अर्थ मिळाला तो फ्रेंचमध्ये. सतराव्या शतकात बर्लिनमध्ये घडलेल्या एका घोडागाडीला 'बर्लीन' म्हणू लागले आणि आज फ्रेंच माणूस सेदान मोटारीला तेच म्हणतो. मेसेजवाल्यांनी हे का सोडलं कोण जाणे.

केनेडींचं 'इश बिन आइन बर्लिनर' हे वाक्य २६ जून १९६३ चं, श्योनेबर्गच्या नगरभवनासमोरचं. 'मी तुमच्यातलाच एक बर्लिनकर' या अर्थाने 'आइन' शब्द बरोबरच होता आणि गर्दीने तो तसाच घेतला. बर्लिनमध्ये त्या डोनटसारख्या गोड पदार्थाला 'बर्लिनर' म्हणतच नाहीत, 'प्फानकूखन' म्हणतात.

नाव देणाऱ्यांचे भाषाबंधू संपलेले नाहीत. बर्लिनच्या आग्नेयेला कोटबुसच्या आसपास निम्न सोर्बियन ही स्लाव भाषा अजून बोलली जाते. बोलणारे थोडे उरलेत, पण रस्त्यांवरच्या पाट्या दोन्ही भाषांत आहेत: कोटबुसच्या खाली खोशेबुस. श्प्रे नदी याच गावावरून वाहत पुढे राजधानीत जाते. त्या राजधानीला इथले लोक म्हणतात 'बार्लिन'.