तिकडचं मीठ

गणपतीत आमच्या नाशिकरोडच्या घरच्या ग्रुपवर चुलतभावाने आझाद हिंदच्या टपाल तिकिटांचे फोटो टाकले. खाली लिहिलं होतं, ‘नेताजींच्या सैनिकांनी काढलेली, सिंगापूरला छापलेली, स्वतंत्र भारताची पहिली तिकिटे.’ मी राहतो बर्लिनला. मी लिहिलं, छपाई बर्लिनची, चित्रं एका जर्मन जोडप्याची, आणि ती वापरात कधी आलीच नाहीत. उत्तर आलं, ‘तू तिकडचं मीठ खातोस, तिकडचंच बोलणार.’

महिना झाला, पण ते वाक्य डोक्यातून जात नाही.

आझाद हिंदचं हंगामी सरकार सिंगापूरला स्थापन झालं, 21 ऑक्टोबर 1943 ला, हे खरंच आहे. पण तिकिटं त्याच वर्षी इथल्या सरकारी छापखान्यात छापली गेली. शहराच्या क्रॉइझबर्ग भागातली ती जागा मला एम-29 बसमधून रोज दिसते. चित्रकार होते वेर्नर आणि मारिया फॉन आक्स्टर-हॉइटलास. नाझी राजवटीची भित्तिपत्रकं आणि तिकिटं काढणारे हेच दोघे. त्याच हातांनी आपला नांगरणारा शेतकरी काढला, सूत कातणारी बाई, जखमीजवळची परिचारिका, तुटलेली बेडी, जर्मन मशीनगनवरचा शीख सैनिक. चित्रं सुरेख आहेत. ती कोणी काढली हे सांगितल्याने नेताजींचं काय कमी होतं? मदत कुठून घेतोय हे त्यांनी स्वतः कधी लपवलं नाही, मग आपण कशाला लपवायचं?

इथे रविवारच्या बाजारात त्या काळातले अल्बम उघडे मांडलेले असतात, स्वस्तिकावर कागदाचा तुकडा चिकटवून. विकणारे आजोबा तिकीट कोणी काढलं, कशासाठी काढलं, सगळं सांगतात. समोरच्याला त्यात आपला अपमान झाल्यासारखं वाटत नाही. आपल्याकडे माहिती दिली की आधी विचारतात, तू कोणाचा?

आणि हे प्रेसवाल्यांच्या घरात! आजोबा नाशिकरोडच्या तिकिटं-पासपोर्ट छापणाऱ्या सरकारी प्रेसमध्ये, बाबा त्याच प्रेसमध्ये, माझं लहानपण नेहरूनगरच्या क्वार्टरमध्ये. 1945 च्या नोव्हेंबरात आझाद हिंद सेनेच्या अधिकाऱ्यांवर लाल किल्ल्यात खटला सुरू झाला, आणि 1946 च्या जानेवारीत निघालेली, इंग्रज राजा सहाव्या जॉर्जची, महायुद्धातल्या विजयाची तिकिटं नाशिकलाच छापली गेली होती. आजोबा तेव्हा तिथे कामाला होते. पुढे 21 नोव्हेंबर 1947 ला साडेतीन आण्याचं तिरंग्याचं तिकीट निघालं, त्यावर ‘जय हिंद’, तेही नाशिकचंच. आजोबा या दुसऱ्या तिकिटाबद्दल भरभरून बोलायचे. पहिल्याबद्दल एक अक्षर नाही. मग आजोबांनी कोणाचं मीठ खाल्लं म्हणायचं? त्यांनी शाई नीट बसते का ते पाहिलं आणि पगारात घर चालवलं. मला त्यांची लाज वाटत नाही, पण भावाला हे लिहायला हात धजला नाही. आजोबांवर बोट ठेवल्यासारखं झालं असतं.

हात न धजण्याचं आणखी एक कारण आहे. मे महिन्यात मी इथल्या नागरिकत्वाचा अर्ज दिला. मंजूर झाला की निळा भारतीय पासपोर्ट परत करावा लागेल. तो नाशिकच्या प्रेसचा. दर सुट्टीत बाबा तो माझ्याकडून मागून घेतात, खिडकीशी धरतात, पानांवरून अंगठा फिरवतात आणि छपाई कशी उतरलीय ते सांगतात. नवा पासपोर्ट येईल तो क्रॉइझबर्गच्या त्याच छापखान्यातून.

भाऊ चिडून बोलला, त्याला यातलं काही माहीत नव्हतं. घरात अजून कोणालाच नाही. घरी जायला डिसेंबरचं विमानाचं तिकीट काढलंय, आणि बाबा पोहोचल्या दिवशीच पासपोर्ट मागतील.