वृत्तालेखाच्या पट्ट्या आणि चुकलेली सरासरी

नमस्कार. सरासरी आणि आलेख हाताने करून शिकवण्याबद्दलच्या माझ्या लेखावर तुमचे आक्षेप दोन आहेत. आलेखवही हाताशी असताना ठोकळे-पट्ट्यांवर दोन तासिका घालवणं म्हणजे नुसता खेळ, हा पहिला. आणि लेखात सांगितल्याप्रमाणे पट्टीवर वॉशर ठेवून ती पेन्सिलीवर तोलली, तर ४, ६, ८, १८ यांची सरासरी ९ ऐवजी ११ च्या आसपास आली, हा दुसरा.

दुसरा पूर्ण मान्य. पट्टीचं स्वतःचं वजन लेखात धरलंच नव्हतं. ३० सेंमीच्या पट्टीचं वजन १५ वर एकवटल्यासारखं असतं. वॉशर १० ग्रॅमचा आणि पट्टी २० ग्रॅमची असेल, तर यादीत १५ हा आकडा दोनदा घुसतो: ६६ भागिले ६, म्हणजे ११. तोल बरोबर होता, सामग्री, म्हणजे आकड्यांची यादीच, बदलली होती!

म्हणून पट्टीला बरोबर मध्यावर, वरच्या कडेजवळ भोक पाडून ती दोऱ्याने टांगा. आकडे लिहिलेली कागदी फीत तिच्यावर मागे-पुढे सरकवता आली पाहिजे. दोन आकड्यांत १ सेंमी अंतर. मुलांनी आधी सरासरीचा अंदाज करायचा, तो आकडा भोकाखाली आणायचा आणि मग आपापल्या आकड्यावर क्लिपने वॉशर लटकवायचे. उजवी बाजू खाली गेली, तर अंदाज कमी पडला. फीत हलवली की सगळे वॉशरही हलवावे लागतात. कंटाळवाणं आहे खरं, पण पट्टीचं वजन आधारावरच असल्यामुळे ते हिशेबात येत नाही. शिवाय पेन्सिलीवरची पट्टी जरा ढळली की थेट कलंडते. टांगलेली नुसती तिरकी होते.

पहिला आक्षेप अर्धा मान्य. वारंवारता सारणी (कोणत्या गटात किती, याचा तक्ता) तयार असेल, तर ठोकळ्यांचा स्तंभालेख ही सजावटच. वृत्तालेखाचं, म्हणजे वर्तुळाचे भाग पाडून काढलेल्या आलेखाचं, तसं नाही. २४ मुलांचे १०, ७, ५, २ असे गट घ्या. दर मुलामागे २.५ सेंमी, म्हणजे २५, १७.५, १२.५ आणि ५ सेंमीच्या चार रंगीत कागदी पट्ट्या. त्या उभ्या लावल्या की स्तंभालेख. टोकाला टोक जोडून कडं केलं की ६० सेंमीचा परीघ. साधारण ९.५ सेंमी त्रिज्येच्या वर्तुळावर कडं बसवायचं आणि जोडांपासून केंद्राकडे रेषा ओढायच्या. १५०, १०५, ७५, ३० अंश कोनमापकाने पडताळून पाहायचे. ३६० ने गुणून २४ ने का भागतो, हे सूत्र देण्याआधीच दिसतं.

इथे हमखास होणारी चूक म्हणजे पट्ट्या एकमेकींवर चढवून चिकटवणं. प्रत्येक जोडात अर्धा सेंमी गेला, तर २५ सेंमीची पट्टी २ टक्क्यांनी घटते, ५ सेंमीची १० टक्क्यांनी. टोकं भिडवून मागून चिकटपट्टी लावा.

मातीच्या गोळ्यांनी संख्या दाखवण्याचा भाग मात्र लेखातून काढतो आहे. दुप्पट संख्येसाठी दुप्पट व्यासाचा गोळा केला, तर माती आठपट लागते.